नापास ताऱ्याभोवतीची धूळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आज मी तुमच्याशी एका चुकीच्या उत्तराबद्दल बोलणार आहे. उत्तर माझंच आहे. १९९७ साली मी ते भर वर्गात, अगदी ठामपणे दिलं होतं.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. कृष्णा-पंचगंगेचा काठ, सगळीकडे ऊस, आणि वर्गात निम्मी पोरं सकाळची धार काढून आलेली. त्या दिवसांत खगोलशास्त्रातली एक बातमी मी वारंवार सांगायचो, कारण तिच्यात आमच्याकडचा माणूस होता. श्रीनिवास कुलकर्णी. जन्म आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत गेलं, पुढे अमेरिकेत कॅलटेक या संस्थेत प्राध्यापक. १९९५ साली त्यांच्या चमूनं शशक तारकासमूहातल्या ग्लीझ २२९ नावाच्या अंधुक लाल ताऱ्याजवळ त्याहूनही कितीतरी अंधुक असा एक सोबती शोधून काढला. त्याच्या वर्णपटात मिथेन सापडला. आता मिथेन हा असा वायू आहे की खऱ्या ताऱ्याच्या उष्णतेत तो टिकूच शकत नाही. म्हणजे हा सोबती तारा नव्हता. आणि त्याचं वस्तुमान ग्रहाच्या मानानं फार जास्त होतं. तो होता तपकिरी बटू. त्याच वर्षी स्पेनच्या शास्त्रज्ञांनी कृत्तिकेच्या झुबक्यातही असा एक शोधला.

तपकिरी बटू म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. वायू आणि धुळीचा प्रचंड ढग स्वतःच्या वजनानं आत कोसळतो आणि तारा जन्मतो. कोसळता कोसळता मध्यभाग तापत जातो, आणि पुरेसं वस्तुमान असेल तर तिथं हायड्रोजनच्या अणूंचं संमीलन सुरू होतं. भट्टी पेटते, ती मग अब्जावधी वर्षं जळत राहते. पण ‘पुरेसं’ म्हणजे किती? ही सीमा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कागदावर मांडली ती शिव कुमार या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं. सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण सात-आठ टक्के, म्हणजे गुरूच्या पंचाहत्तर-ऐंशी पट. त्याच्या आतल्या गोळ्याची भट्टी पेटत नाही. जन्माची ऊब असते, ती हळूहळू निवत जाते. कुमारांनी अशा गोळ्यांना काळे बटू म्हटलं होतं. १९७५ साली जिल टार्टर या संशोधिकेनं ‘तपकिरी’ हे नाव सुचवलं. खरं तर ते तपकिरी नसतात, मंद लालसर असतात. पण लाल बटू हे नाव आधीच दुसऱ्यांनी घेतलेलं. तेव्हा तपकिरी ही तडजोड.

इंग्रजी लिखाणात यांना सर्रास ‘फेल्ड स्टार’ म्हणतात. मी वर्गात त्याचं भाषांतर केलं, नापास तारा. पोरांना ते आवडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो स्वतः ते वर्ष दुसऱ्यांदा करत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं विचारलं, “सर, नापास ताऱ्याला ग्रह असतात का?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “अरे, ज्याला स्वतःचा दिवा लावता आला नाही, तो संसार काय मांडणार?” वर्ग दुप्पट हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षी पुन्हा त्यानं प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

विनोद चांगला होता, पण भौतिकी चूक होती. आणि दुसरी गोष्ट अशी की हे उत्तर मी कुठं वाचलेलं नव्हतं. मला तसं वाटलं, म्हणून ठोकून दिलं.

मला तसं का वाटलं असावं, तेही सांगतो. ग्रह होतात ते ताऱ्याच्या जन्माच्या वेळी उरलेल्या मालातून. कोसळणारा ढग थोडाफार फिरत असतोच. आकसत जाताना त्याची गिरकी वाढते, आणि सगळाच माल सरळ मध्यभागी पडू शकत नाही. तो भोवती पसरतो, चपटा होतो. वायू आणि धुळीची एक चकती तयार होते. त्या चकतीत धुळीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे खडे होतात, खड्यांचे धोंडे, आणि पुढं कधीतरी ग्रह. आपली पृथ्वी अशीच झाली. १९८३ साली आयरास या अवकाश दुर्बिणीला अभिजित ताऱ्याभोवती धुळीची धग जाणवली. पुढच्याच वर्षी बीटा पिक्टोरिस नावाच्या ताऱ्याभोवतीच्या चकतीचं चक्क छायाचित्र निघालं. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीनं मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात अशा चकत्या डझनांनी दाखवल्या. पण हे सगळे दमदार तारे. तपकिरी बटूकडं ना माल, ना उष्णता. त्याला कुठली आली चकती? असा माझा हिशेब.

गंमत पाहा. मी वर्गात हे बोलत होतो त्याच सुमारास युरोपची आयएसओ ही अवकाश दुर्बीण आकाशात फिरत होती. कॅमेलिऑन नावाच्या तारकासमूहात तारे जन्मण्याचा एक मोठा ढग आहे. तिथल्या काही कोवळ्या, अतिशय क्षीण गोळ्यांकडून अपेक्षेपेक्षा जास्त उष्णता येत असल्याचं आयएसओच्या नोंदींत उतरत होतं. त्यातल्या एकाचं नाव ‘सीएचए एच-अल्फा १’. नाव गाडीच्या नंबर प्लेटसारखं आहे, पण लक्षात ठेवा. तो शेवटी पुन्हा भेटणार आहे.

आता ही जास्तीची उष्णता म्हणजे काय? चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. ती धग म्हणजे अवरक्त किरण, डोळ्यांना न दिसणारे. ताऱ्याजवळची धूळ अशीच असते. ती तापते ती ताऱ्याच्या प्रकाशानं, आणि ती उष्णता अवरक्तात परत टाकते. शास्त्रज्ञांना या चकत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. इतक्या दूरवर त्या सुईच्या टोकाएवढ्याही नसतात. ते काय करतात, तर जमाखर्च मांडतात. या तापमानाच्या गोळ्यानं अमुक तरंगलांबीला एवढा प्रकाश द्यायला हवा, तमुकला एवढा. लहान तरंगलांबीवर हिशेब बरोबर जुळतो. पण लांब तरंगांकडं गेलं की खात्यावर जादा रक्कम दिसते. ती गोळ्याची नव्हे. ती भोवतीच्या धुळीची.

हे जमिनीवरून करणं महाकठीण. एक तर हवेतली वाफ यातले बरेच किरण गिळते. आणि दुसरं म्हणजे आपली हवा, दुर्बीण, दुर्बिणीचा घुमट, आत बसलेला माणूस, सगळेच त्याच अवरक्तात चमकत असतात. दिवसाढवळ्या काजवा शोधावा, आणि तोही हातात पेटती बत्ती धरून, असा प्रकार. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यायची आणि तिला गोठवून थंड ठेवायची.

अमेरिकेची स्पिट्झर दुर्बीण २५ ऑगस्ट २००३ रोजी गेली ती यासाठीच. तिचा आरसा फक्त ८५ सेंटिमीटरचा. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीएवढा. पण सोबत ३६० लिटर द्रवरूप हेलियम, तिची उपकरणं थंड ठेवायला. २००५च्या फेब्रुवारीत बातमी आली की केव्हिन लुमन आणि सहकाऱ्यांना कॅमेलिऑनमध्ये ‘ओटीएस ४४’ या गोळ्याभोवती चकती सापडली. गोळा गुरूच्या अवघा पंधरा पट. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आणखी एक सांगितला, गुरूच्या सुमारे आठ पटच. त्यालाही चकती. मी ती बातमी वाचनालयात वाचली आणि पहिल्यांदा मला तो मागचा बाक आठवला. संसार मांडायची तयारी दिव्याशिवायही होते तर!

जाता जाता, हे कॅमेलिऑन महाराष्ट्रातून दिसत नाही बरं का. ते दक्षिण ध्रुवाच्या इतकं जवळ आहे की आपल्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. तेव्हा आज रात्री गच्चीवर शोधत बसू नका.

नुसती चकती असली म्हणजे ग्रह होतील असं नाही. वाळूचा ढीग पडला म्हणजे घर उभं राहिलं का? म्हणून पुढचा प्रश्न होता की तिथं काम सुरू आहे का. आणि इथं स्पिट्झरनं जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. या धुळीत मुख्यतः सिलिकेट असतात. सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजेही बहुतांशी सिलिकेटच. अगदी बारीक सिलिकेटची धूळ १० मायक्रॉन तरंगलांबीजवळ एक ठळक उंचवटा दाखवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कण मोठे होऊ लागले की हा उंचवटा बसका, पसरट होतो. आणि कणांचे स्फटिक झाले असतील तर त्याच्या बाजूला वेगळी शिखरं उमटतात. म्हणजे नुसता आलेख पाहून सांगता येतं की पीठ बारीक आहे, का गुठळ्या झाल्यात, का भाजलं गेलंय.

२००५ साली डॅनिएल अपाई आणि सहकाऱ्यांनी कॅमेलिऑनमधल्या सहा तपकिरी बटूंचे असे आलेख ‘सायन्स’ या नियतकालिकात छापले. सहांपैकी पाचांमध्ये कण वाढलेले होते, स्फटिक झालेले होते आणि धूळ चकतीच्या मध्यपातळीकडं खाली बसू लागली होती. या बटूंचं वय किती, तर दहा-वीस-तीस लाख वर्षं. खगोलशास्त्रात हे वय म्हणजे बाळंतिणीची खोली. स्फटिक व्हायला आठशे-हजार अंशांची उष्णता लागते. म्हणजे ज्याला आपण थंड म्हणून हिणवलं, त्याच्या अंगणात निदान आतल्या बाजूला दगड भाजण्याइतकी आच होती. सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती जी पहिली पावलं पडतात, तीच इथं पडत होती.

तरीही माझ्या जुन्या उत्तरात एक गोष्ट शिल्लक होती. माल किती? युरोपची हर्शेल ही अवकाश दुर्बीण आणि नंतर चिलीतल्या पाच हजार मीटर उंच पठारावरच्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी हे मोजायचा प्रयत्न केला. आल्माला २०१२ साली एका बटूच्या चकतीत मिलिमीटरच्या आकाराचे कणही दिसले. पण एकूण धूळ मोजली की आकडे केविलवाणे येतात. पृथ्वीच्या काही पट, कित्येकदा एका पृथ्वीहूनही कमी. यातून गुरूसारखा राक्षस घडणं अवघडच. पृथ्वीसारखे खडकाळ गोळे घडतील का, हाही वाद आहे. मात्र इथं एक मेख आहे. पंगत उठल्यावर पातेल्यात उरलेला भात पाहून स्वयंपाक किती झाला होता ते सांगता येत नाही. आपण पाहतो तोवर बराच माल धोंड्यांत, गोळ्यांत बांधला गेला असेल, तर या दुर्बिणींना तो दिसणारच नाही. त्यांना कण दिसतात, डोंगर दिसत नाहीत.

पंगत खरोखर झाली होती असं दाखवणारं एक उदाहरण २०१७ साली पुढं आलं. ट्रॅपिस्ट-१. हा तपकिरी बटू नाही, पण उंबरठ्यावरचा आहे. सूर्याच्या सुमारे नऊ टक्के वस्तुमान. म्हणजे पासिंगच्या मार्कांना कसाबसा टेकलेला. ४० प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याकडं स्पिट्झरनं जवळजवळ सलग वीस दिवस टक लावून पाहिलं. आधी तीन ग्रह कळले होते, ते सात निघाले. सातही साधारण पृथ्वीच्या आकाराचे. सातांचं मिळून वजन सुमारे साडेसहा पृथ्वींएवढं. सीमेच्या या बाजूला नऊ टक्क्यांवर हे होतं, तर त्या बाजूला सहा-सात टक्क्यांवर निसर्ग एकदम हात आखडता घेईल का? मला तरी पटत नाही. पण १९९७ साली मला पटलं होतं ते चूक निघालं, तेव्हा माझ्या पटण्याला फार किंमत देऊ नका.

स्पिट्झरचं हेलियम २००९च्या मे महिन्यात संपलं. त्यानंतर तिचे फक्त दोन डोळे चालू राहिले. ट्रॅपिस्टचं काम तिनं त्या दोन डोळ्यांनीच केलं. १० मायक्रॉनचा तो उंचवटा पाहणारं उपकरण मात्र कायमचं आंधळं झालं. ३० जानेवारी २०२० रोजी तिला बंद करण्यात आलं. अवरक्त दुर्बिणींचं आयुष्य असं मोजून दिलेलं असतं. सोबत नेलेली थंडी संपली की संपलं.

पण जाण्यापूर्वी तिनं एक कोडं घालून ठेवलं होतं. २००९ साली इलारिया पास्कुची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की थंड तारे आणि तपकिरी बटूंच्या चकत्यांत रसायनंच वेगळी दिसतात. सूर्यासारख्यांच्या चकतीत हायड्रोजन सायनाइड ठळक असतो, इथं तो क्षीण आणि ॲसिटिलीन वरचढ. म्हणजे अंगण तसंच, पण माती निराळी. याच्या पुढं पाहायला ८५ सेंटिमीटरचा आरसा पुरेना.

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब दुर्बीण निघाली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, अठरा षटकोनी तुकड्यांचा. ठिकाण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर. पाच पदरी छत्रीच्या सावलीत बसलेली, आणि मिरी नावाचं उपकरण शीतयंत्रानं उणे २६६ अंशांखाली ठेवलेलं. शीतयंत्र असल्यामुळं हेलियम संपण्याची भीती नाही. या मिरीनं लहान ताऱ्यांच्या चकत्या पाहायला सुरुवात केली, आणि २०२४ साली ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला. पहिलं नाव आदित्य अरभावी, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात संशोधन करणारा तरुण. तारा कॅमेलिऑनमधलाच, सूर्याच्या अकरा टक्क्यांचा, पुन्हा उंबरठ्यावरचाच. त्याच्या चकतीत कार्बनयुक्त तेरा रेणू सापडले. ॲसिटिलीन, बेंझीन आणि इथेनसुद्धा. आपल्या सूर्यमालेबाहेर इथेन पहिल्यांदा दिसला तो इथं.

एवढा कार्बन आला कुठून? एक कल्पना अशी आहे. छोट्या ताऱ्याच्या चकतीत बर्फाळ खडे वायूला घासून वेग गमावतात आणि मोठ्या ताऱ्याच्या मानानं फार लवकर आत घरंगळतात. बर्फाबरोबर आलेलं पाणी आधीच ताऱ्याच्या पोटात जातं. मागाहून येणारा वायू कार्बननं समृद्ध राहतो. दुसरी कल्पना, आतल्या उष्णतेत कार्बनचे घन कणच फुटून वायू होतात. तसं असेल तर उरलेल्या दगडांत कार्बन कमी राहील, आणि त्यांतून होणारा ग्रह कार्बननं गरीब असेल. हे ऐकून नाक मुरडू नका. आपली पृथ्वीही कार्बनच्या बाबतीत गरीबच आहे.

याच काळात आमच्या घराचं लोखंडी फाटक गंजून खाली बसलं. शेजाऱ्यानं सांगितलं, सांगली रस्त्याला एक चांगला फॅब्रिकेशनवाला आहे. गेलो, तर काळा चष्मा वर करून जो माणूस पुढं आला तो मागच्या बाकावरचा. केस पांढरे झालेले, हाताखाली चार पोरं. मला त्यानं लगेच ओळखलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. एक पोरगा गॅसनं पट्टी कापत होता. मी सिलिंडरकडं बोट दाखवून विचारलं, “हे ॲसिटिलीनच ना रे?”

“हो सर.”

आंबे पिकवायला चोरून कार्बाइड वापरतात, त्यातून निघतो तोच हा वायू. मी त्याला सांगितलं, की सहाशे प्रकाशवर्षांवर एका छोट्या ताऱ्याभोवती हाच भरलेला आहे. आणि मग वर्गातलं ते उत्तर काढलं. म्हटलं, मी तुला चूक सांगितलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं की मला माहीत नाही.

तो प्रसंग त्याला आठवत होता. “पोरं वर्षभर मला संसारी म्हणायची सर,” तो म्हणाला. हसत म्हणाला, पण आठवत होतं. यावर मी काय बोलणार? चहा आला तो प्यालो.

मग त्यानं विचारलं, “तिथं नुसता गॅसच आहे, का पाणीपण आहे?”

हा प्रश्न, श्रोतेहो, जगभरचे शास्त्रज्ञ विचारत होते. उत्तर आलं ते आपल्या नंबर प्लेटवाल्याकडून. ‘सीएचए एच-अल्फा १’, हा निखालस तपकिरी बटू. आयएसओनं ज्याची नुसती धग टिपली होती, त्याचा मिरीनं घेतलेला वर्णपट २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्बनचे रेणू आहेत आणि पाण्याची वाफही आहे. मोठे झालेले कण आहेत, स्फटिक आहेत. म्हणजे पाणी सगळीकडं गिळलं जातं असं नाही. कदाचित ते कार्बनच्या गर्दीत झाकलं जातं. वरच्या कल्पना त्यामुळं खोट्या ठरत नाहीत, पण प्रकरण वाटलं तितकं सरळ नाही.

आणि २०२५ सालीच याहून अजब प्रकार समोर आला. पुन्हा कॅमेलिऑन, ६२० प्रकाशवर्षं. गुरूच्या पाच ते दहा पट वस्तुमानाचा एक गोळा, कुठल्याही ताऱ्याचा नसलेला, एकटाच. सीएचए ११०७-७६२६. त्यालाही चकती आहे. ऑगस्टमध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून आणि वेबमधून पाहताना दिसलं की तो त्या चकतीतला माल सेकंदाला सुमारे सहा अब्ज टन या वेगानं ओढून घेतोय. काही महिन्यांपूर्वीच्या आठपट. असली अधाशी भूक कोवळ्या ताऱ्यांना लागते, हे माहीत होतं. ग्रहाएवढ्या गोळ्याला लागलेली कुणी पाहिली नव्हती. त्या उधाणात त्याच्या चकतीत पाण्याची वाफ दिसू लागली, जी आधी दिसत नव्हती. आता याला तारा म्हणायचं, बटू म्हणायचं का ग्रह? नियमानं गुरूच्या तेरा पटींखाली तो बटूही नव्हे. पण जन्म मात्र ताऱ्यासारखा झालेला दिसतो. मला विचाराल तर नावाच्या भांडणात मला फारसा रस नाही. नावं ठेवण्याचा माझा अनुभव तुम्ही ऐकलाच आहे.

राहिला तो मूळ प्रश्न. नापास ताऱ्याला ग्रह असतात का? २००४ साली एका तपकिरी बटूशेजारी गुरूच्या पाचेक पटींचा सोबती प्रत्यक्ष दिसला, पण तो बहुधा जुळ्या भावासारखा जन्मलेला, चकतीतून घडलेला नव्हे. २०२५च्या एप्रिलमध्ये एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन बटूंच्या जोडीला ग्रह असल्याचे भक्कम पुरावे पुढं आले. पण बटूच्या अंगणात, त्याच्याच धुळीतून घडलेला पृथ्वीसारखा खडकाळ ग्रह? तो अजून निर्विवादपणे कुणाच्या हाती लागलेला नाही. आणि लागला तरी त्याचं नशीब सोपं नाही. बटू निवत जाणार, म्हणजे आज जिथं पाणी वाहतं राहील अशी ऊब आहे, तिथं काही काळानं हिवाळा पडणार, तो कायमचा.

हे सगळं मी त्याला दुकानात बसून सांगितलं. यंत्राचा आवाज, ठिणग्या, मध्येच गिऱ्हाइकाचा फोन. तो म्हणाला, “म्हणजे सर, अजून माहीत नाही.”

“अजून माहीत नाही,” मी म्हटलं.

येत्या थंडीत रात्री नऊनंतर पूर्वेकडं मृग वर आला की त्याच्या तीन ताऱ्यांच्या खाली तलवार दिसते. तलवारीच्या मधला ठिपका धूसर दिसतो, तो तेजोमेघ. साधी द्विनेत्री दुर्बीण पुरते. हबलनं डझनांनी चकत्या दाखवल्या त्या तिथंच, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात तपकिरी बटू असल्याचं वेबच्या वर्णपटांनी अलीकडं दाखवलं आहे. त्या आपल्याला दिसणार नाहीत, ठिपका दिसेल. आणि मृगाच्याच पायाशी शशक आहे, कुलकर्णींच्या शोधाचा. त्याला मी बोलावलंय. मुलाला घेऊन येतो म्हणालाय. फाटकाचे पैसे मात्र त्यानं घेतले, मजुरी सोडून.